कडीचा ठेका

"मी दिवा दाखवत होतो रे. तुम्ही कुणी मागे बघितलंच नाही."

दादा एवढंच बोलला आणि मफलरची घडी घालून पाठपिशवीत ठेवायला लागला. कार्तिकातली द्वादशी, रात्रीचा दीड वाजत आलेला, कात्रज ते सिंहगड वाटेवरची कुठलीशी खिंड. जुन्या बोगद्यापाशी चढायला सुरुवात केली तेव्हा आम्ही अकरा जण होतो. पुढे एका सपाटीवर बसून दशम्या सोडल्या आणि डोकी मोजली, तर दहाच भरली. आम्ही तिघं उलटे फिरलो. दादा खाली एका धोंड्यावर पाय पसरून बसला होता. पोटरीत गोळा आलेला, डोक्याला बांधायच्या बॅटरीने मान टाकलेली, मोबाइल तीन टक्क्यांवर. पाऊण तासाहून जास्त वेळ तो तिथे एकटा होता. आम्ही त्याची पोटरी चोळली, गुळाचा खडा दिला, पाणी पाजलं, दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं. पहाटे गडाच्या डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा तो नेहमीसारखा बोलतही होता. पण ते एक वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि घरातच राहिलं.

कारण ते खरं नव्हतं. मी मागे बघितलं होतं, चांगलं तीन-चार वेळा. शनिवारच्या चांदण्या रात्री त्या वाटेवर किती गट असतात ते जाऊन आलेल्यांना माहीतच आहे. मागच्या डोंगराच्या सोंडेवरून दिव्यांची माळच्या माळ उतरत होती. वारी रात्रीची चालली असती तर अशीच दिसली असती. मी शेजारच्याला हाताला धरून थांबवलं आणि म्हटलं, बघ, काय सुंदर दिसतंय. त्या माळेत दादाचा दिवा होता. तो हात वर करून मोबाइल इकडून तिकडे हलवत होता, आणि मी नेमका तिकडेच बघत सुंदर म्हणत होतो.

हे त्याला सांगायला मला सहा महिने लागले.

मधल्या काळात रात्री कुठलाही दिवा दिसला की मनात तीच खिंड यायची. एकदा उशिरा घरी आलो. आमच्या सोसायटीत रात्री अकरानंतर खालचे दिवे बंद करतात. लिफ्टची वाट बघत अंधारात उभा होतो आणि समोर भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं. भिंगाभोवती बारीक बारीक लाल ठिपक्यांचं कडं. इतकं मंद, की विझत आलेल्या उदबत्त्या गोल मांडून ठेवल्यासारखं. त्याने समोरची भिंतसुद्धा उजळत नव्हती. वॉचमन मामांच्या टेबलावर त्याच कॅमेऱ्याचा पडदा होता. सहज डोकावलो तर पडद्यावर मी लख्ख उजेडात उभा. शर्टाच्या चौकटी मोजता येतील असा. "मामा, इथे तर काळोख आहे," मी म्हणालो. मामा तंबाखू मळता मळता म्हणाले, "आपल्याला काळोख आहे. त्याला कुठाय?"

त्या रात्री झोप अशी लागलीच नाही. शाळेच्या पुस्तकात त्या उजेडाला अवरक्त म्हणायचे. तांबड्याच्या अलीकडचं सगळं आपलं, पलीकडचं आपल्याला दिसत नाही. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबडा रंग संपतो त्याच्याही पुढे, जिथे नुसती मोकळी जागा दिसते, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत वर चढला. हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण मोकळ्या दिसणाऱ्या जागेत काहीतरी आहे याचं नवल मला बारावीत वाटलं नाही, ते पन्नाशीला टेकल्यावर लिफ्टपाशी वाटलं. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगायला गेलो तर पोळ्या चालल्या होत्या. ती म्हणाली, "म्हणजे तव्याची धग लागते, तेच का?" तेच, पण बरंच लांबचं भावंड. तव्याची किंवा अंगाची धग असते ती लहर खूप लांब, मायक्रोमीटरमध्ये मोजायची. टीव्हीच्या रिमोटमधला उजेड असतो ९४० नॅनोमीटरचा, अशा कॅमेऱ्यांचा बहुतेक वेळा ८५० चा, आणि साध्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतच बघू शकतं. म्हणून रिमोटचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो, पण तापलेला तवा त्यात काळाच राहतो. देवघरातल्या उदबत्तीचा निखारा मात्र रात्रीच्या कॅमेऱ्यात मशालीसारखा दिसतो. हे मी नंतर स्वतः पाहिलं.

ठरलं ते असं: दादाच्या पाठपिशवीवर एक दिवा लावायचा, जो कुणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, कुणाचं चांदणं बिघडवणार नाही, पण आमच्याकडच्या कॅमेऱ्यात दिसेल. आणि तो नुसता जळता ठेवायचा नाही. त्याची स्वतःची उघडझाप असली पाहिजे, तीही आपल्याला हवी तशी बदलता येणारी. काजव्यांचं तसंच असतं. प्रत्येक जातीच्या चमकण्याची लय वेगळी, आणि झाडीत बसलेली मादी आपल्याच जातीच्या लयीला उत्तर देते. जूनच्या तोंडाला राजमाचीला जाणारे आपण सगळे ती झाडं लखलखताना बघतो आणि आ वासतो. त्या लखलखाटात कुणीतरी एक कुणातरी एकाला शोधत असतं. मी वहीवर नाव घातलं, 'काजवा'. असे दिवे सैनिक शिरस्त्राणावर लावतात, अंधारात आपल्या माणसाला आपलं माणूस ओळखता यावं म्हणून. म्हणजे कल्पना माझी नव्हती. गरज माझी होती.

तपकीर गल्लीत मी कॉलेजात असताना रेडिओचे सुटे भाग आणायला जायचो. पासोड्या विठोबाच्या बाजूने आत शिरलं की वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, हातगाड्या, आणि मधूनच एक फुटाची वाट. दुकान म्हणजे एक कपाटच, त्यात शंभर बारीक खण, आणि दुकानदाराला कुठल्या खणात काय आहे ते न बघता माहीत. मी आयआर एलईडी, म्हणजे अवरक्त उजेडाचे बारीक दिवे, मागितले. त्यांनी वर न बघता विचारलं, "आठशेपन्नास का नऊशेचाळीस?" मी दोन्ही घेतले. वर एक एटीटाइनी८५, आठ पायांची चिप, करंगळीच्या नखावर मावेल एवढी. पाच व्होल्टचा छोटा रेग्युलेटर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, रेझिस्टन्स, एक बटण, हे सगळं ज्यावर जोडायचं त्या भोकाभोकांच्या पट्टीचा, झिरो पीसीबीचा तुकडा, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कागदाच्या पुडीत ते सगळं त्यांनी लाह्या द्याव्यात तसं बांधून दिलं. त्या पुडीचा वास घेतला तर जुनाच होता, टिनाचा आणि धुळीचा. तीस वर्षांत मी तिथे गेलो नव्हतो आणि वास माझी वाट बघत थांबला होता.

करायला घेतलं जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून. बॅटरीला जोडायची टोपी विकत मिळते, पण मेलेल्या बॅटरीचं डोकं काढून वापरलं तर ती टोपी नव्या बॅटरीवर चपखल बसते, आणि सगळं यंत्रच बॅटरीच्या डोक्यावर स्वार होतं. पकडीने पत्रा उलगडला की आत सहा छोटे सेल एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, दीड दीड व्होल्टचे. ते बाजूला काढून ठेवले आणि वरची दोन बटणं असलेली पट्टी तेवढी घेतली. तीन एलईडी एकापाठोपाठ एक जोडले. प्रत्येकी सव्वा ते दीड व्होल्ट खातो, तिघांचे मिळून चारच्या आसपास. उरलेल्या पाचेक व्होल्टसाठी शंभर ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट. चिपचा पाय तेवढा करंट देऊ शकत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. चिप नुसती खूण करते, भार ट्रान्झिस्टर उचलतो. सोल्डरच्या धुराबरोबर राळेचा तो गोडसर, नाकात चुरचुरणारा वास घरभर झाला. बायकोने खिडकी उघडली, पण काही बोलली नाही. तिला खिंडीतली गोष्ट माहीत होती.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. म्हणजे झालं असणार, पण ते माझ्या डोळ्यांना कळणार नव्हतं. साधा दिवा लागला की माणसाला आपोआप हायसं वाटतं. इथे ते सुखच नाही. मोबाइल समोर धरला, आणि पडद्यावर तीन जांभळे टिंब उगवले. मान वर करून बघितलं तर टेबलावर तीन निर्जीव काचेचे दाणे. पुन्हा पडद्यात, पुन्हा टेबलावर. असं मी किती वेळ करत बसलो सांगता येत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. हा उजेड दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही, बाहुलीही आकसत नाही, तेव्हा जवळून रोखून बघायचं नाही. नातू आला तेव्हा मी ते आधी उंच ठेवून दिलं.

९४० चे एलईडी दहा-पंधरा पावलांवरच मंदावले. ८५० चे लावले तेव्हा काम झालं, कारण कॅमेऱ्याचं सिलिकॉन त्या लहरीला जास्त जागं असतं. मोबदल्यात अगदी समोरून, काळोखात, लालसर झाक दिसते. ती चालण्यासारखी होती. मग लक्षात आलं की एलईडीच्या गोल टोपीमुळे उजेड झोतासारखा सरळच जातो, आणि चालणारा माणूस काही तोफेसारखा एका दिशेला रोखलेला नसतो. म्हणून बारीक पॉलिश पेपरने तिन्ही टोप्या घासून दुधाळ केल्या. बोटांना पांढरी भुकटी लागली. आता तो उजेड सगळीकडे सांडायला लागला, थोडा कमी, पण सगळीकडे.

खरा घोळ झाला तो आठवण ठेवण्याचा. बटणावर आपण जो ठेका धरू तो चिपने मोजायचा, किती वेळ दाबलं, किती वेळ सोडलं, सगळं मिलिसेकंदात, आणि मग तोच ठेका दर चार सेकंदांनी पुन्हा पुन्हा वाजवायचा, म्हणजे चमकवायचा. हे जमलं. दादाला दाखवायला घेऊन गेलो, निघताना बॅटरी नवी घातली, आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं तर काजव्याला काहीच आठवेना. मी ठेका चिपच्या चालू स्मरणात ठेवला होता. वीज गेली की ते पुसलं जातं. त्याच चिपमध्ये ५१२ बाइटचा एक वेगळा कप्पा असतो, ईईप्रॉम, त्यात लिहिलेलं बॅटरी काढली तरी राहतं. घरी येऊन प्रोग्रॅम बदलला, आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डाच्या आधाराने चिपमध्ये पुन्हा भरला. बॅटरी काढली, चहा केला, प्यायलो, बॅटरी घातली. आठवत होतं.

माझा विचार होता मोर्सच्या लिपीत दादाचं आद्याक्षर घालायचं. दादा म्हणाला, "मला ते कट्ट-कड नको. माझं मला वाजवू दे." काजवा हातात घेतला, अंगठा बटणावर ठेवला, आणि विचारही न करता त्याने वाजवलं: दोन झटपट, जरा थांबून एक, आणि मग एक लांब.

मी तो ठेका चाळीस वर्षांनी ऐकत होतो. ऐकत म्हणजे त्याच्या अंगठ्यावर बघत होतो.

नारायण पेठेतल्या वाड्यात आम्ही सगळे एकत्र होतो. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पिंपरीच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याची दुसरी पाळी असायची, यायला साडेबारा-एक व्हायचा. वाड्याचा दिंडीदरवाजा तेव्हा आतून लावलेला. बाहेरून लोखंडी कडी वाजवायची. कडी वाजवणारे बरेच, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, नाटकाहून येणारे, कुणाकडे रात्रीच्या गाडीने आलेले पाहुणे. आजी दाराशेजारच्या खोलीत झोपायची. बाकी कुणाची कडी वाजली तर ती कुशीवर वळायचीसुद्धा नाही, ज्यांचं माणूस ते उठतील म्हणायची. पण दोन झटपट, एक, आणि शेवटी कडी लाकडावर घासत सोडून दिलेली, ते ऐकलं की पहिल्या ठोक्याला ती उठून बसलेली असायची. अंधारात तिच्या बांगड्या वाजायच्या, मग अडसर सरकायचा, मग स्टोव्हचा भपका. मी शेजारच्या अंथरुणात अर्धवट झोपेत हे सगळं ऐकायचो. आता वाटतं, ती झोपायचीच नाही त्याच्या पाळीच्या दिवसांत. डोळे मिटून पडून राहायची. वाडा पडून तिथे पाच मजली इमारत झाली, आजीला जाऊनही खूप वर्षं झाली, पण दादाच्या अंगठ्यात ते दार अजून होतं.

आता बघायचं कशातून, हा प्रश्न. मोबाइलचा कॅमेरा लांबवर कामाचा नाही, त्यातली गाळणी बराचसा अवरक्त उजेड अडवते. ताईच्या लग्नात घेतलेला हॅन्डीकॅम माळ्यावर होता. त्यात नाइटशॉट म्हणून एक खटका असतो. तो सरकवला की आतली गाळणी टिचकन बाजूला होते आणि सगळं जग हिरवं दिसतं. नवी बॅटरी मागवली, खटका सरकवला, आतून टिचकीचा आवाज आला आणि मला भरून आलं. पण हिरव्या जगातसुद्धा समोरच्या इमारतींचे दिवे, गाड्यांचे दिवे होतेच. म्हणजे खिंडीतली माळ पुन्हा तशीच दिसणार. दिसणारा उजेड अडवून न दिसणाऱ्याला वाट देईल असं काहीतरी भिंगापुढे हवं होतं, आणि ते आईच्या कपाटात होतं.

रंगीत रोल कॅमेऱ्यात भरताना सुरुवातीचा तुकडा उजेडात जायचा, धुऊन आल्यावर तो पूर्ण काळा व्हायचा. त्यातला काळेपणा रंगांचा असतो. तो दिसणारा उजेड गिळतो आणि अवरक्ताला मोकळं सोडतो. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण असतात, ते दोन्ही अडवतात, म्हणून रंगीतच पाहिजे. आईने सगळ्या निगेटिव्हज साडीच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या, प्रत्येक पाकिटावर तिच्या अक्षरात प्रसंग. मी काळे तुकडे शोधत होतो, पण हातात पट्टी आली की ती खिडकीकडे धरून बघितल्याशिवाय राहवेना. एका पाकिटावर 'सिंहगड, सगळे' एवढंच होतं. नारिंगी झाकेत, पांढऱ्या केसांचे आणि काळ्या चेहऱ्यांचे आम्ही सगळे, देवटाक्यापाशी. दादाच्या खांद्यावर मी. त्याच पट्टीच्या टोकाला काळा तुकडा होता. कात्री लावताना हात थांबला. मग कापला. आई असती तर तिनेच कापून दिला असता असं मला वाटतं. त्याचे दोन थर एका बाटलीच्या झाकणात बसवले आणि झाकण भिंगावर.

विठ्ठलवाडीच्या आमच्या गच्चीवरून नदीपलीकडे कर्वेनगर दिसतं. दादा तिकडे राहतो. एका रात्री तो त्याच्या गच्चीवर गेला आणि मी माझ्या. मध्ये मुठा, तिच्यावरून येणारा तो ओळखीचा ओलसर उग्र वास, राजाराम पुलावरची वाहनं, आणि पलीकडे हजारो खिडक्या. मी झाकण लावलं आणि बघितलं. पूल गेला होता. म्हणजे त्यावरचे दिवे गेले होते. खिडक्या बहुतेक सगळ्या विझल्या. आजकालचे पांढरे एलईडी म्हणजे आत निळा दिवा आणि वर पिवळा लेप, त्यांच्यात अवरक्त जवळजवळ नसतोच. एवढं शहर डोळ्यांसमोर काळं झालं, कुठे कुठे एखादा जुना तारेचा बल्ब तेवढा धरून होता. मला भीतीसारखं काहीतरी वाटलं. मग झूम केलं, हात कठड्यावर टेकवला, आणि काळोखात एक टिंब हललं. दोन झटपट, एक, आणि एक लांब.

फोन कानाला होताच. "दिसतोयस," मी म्हटलं. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, मी त्याला सगळं सांगून टाकलं. की त्या रात्री मी मागे बघितलं होतं. की मला ते सुंदर वाटलं होतं. की त्यात तो होता.

बराच वेळ तो बोलला नाही. कॅमेऱ्यात काजवा चमकत राहिला. मग म्हणाला, "सुंदर दिसत असणारच. लांबून दिसतंच." आणि जरा थांबून, "आता तुला काय दिसतंय?" मी म्हटलं, फक्त तू. बाकी सगळं काळं. तो म्हणाला, "मग दुसरं कुणी मोबाइल हलवत असेल, तर ते तुला आता अजिबातच दिसणार नाही की रे."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फोन ठेवल्यावरही मी गच्चीवर बसून राहिलो. दक्षिणेकडे सिंहगडावरच्या मनोऱ्यांचे लाल दिवे दिसत होते. १६७० च्या माघात त्याच गडावर मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली आणि गड घेतल्याची खूण राजगडाला दिली, असं बखर सांगते. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष गडावर, दोरावर, ढालीवर, तलवारीवर. त्या रात्री पहिल्यांदाच मी राजगडावरून विचार केला. माघाची थंडी, वद्य नवमी, मध्यरात्रीपर्यंत चंद्रही नाही. महाराज त्या दिशेला डोळे लावून असणार, आणि मध्ये कितीतरी वाड्यावस्त्यांच्या शेकोट्या असणार, कुठे वणवा असेल, कुठे गुराख्याचा जाळ. त्यातली नेमकी ती आग ओळखायची. शिवाय गड फत्ते झाल्याचा उजेड म्हणून जी आग दिसली, तिच्यापाशी तानाजी पडलेला होता, आणि ते त्या उजेडात लिहिलेलं नव्हतं.

या कार्तिकात आम्ही पुन्हा गेलो. दादाला सगळ्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला येणार, आणि शेवटीच चालणार. पाठपिशवीच्या पट्ट्यावर काजवा बांधला, बॅटरी नवी. चांगली अल्कलाइन बॅटरी असली आणि चमक अशी तुटक असली तर दोन रात्री सहज निघतात. हॅन्डीकॅम माझ्या गळ्यात. दर दहा मिनिटांनी मी मागे वळायचो, झाकण लावून बघायचो, ठेका दिसला की पुढे निघायचो. पहिल्या दोन-तीन चढांना हे इतकं सुरळीत झालं की बाकीचेही गमतीने मागू लागले, प्रत्येकाला बघायचं होतं. गवत कमरेएवढं वाळलेलं, त्याचा सळसळाट, कुसळं सॉक्समध्ये टोचत होती, घामावर थंड वारा. पुढे मनोऱ्यांचे लाल दिवे, मागे शहराचा तांबूस उजेड ढगांना खालून चाटत होता.

चौथ्या की पाचव्या उतारानंतर मी एका टेपाडावर थांबलो. कॅमेऱ्यात दादा होता, जवळच, आमच्या खालच्या वळणावर. तो येईपर्यंत मी झाकण काढून ठेवलं, कॅमेराही बंद केला, आणि नुसत्या डोळ्यांनी मागे बघत बसलो. माळ होतीच. गेल्या वर्षीसारखीच, कदाचित जास्तच. ती आजही सुंदर दिसत होती, ते खोटं कशाला सांगू. मी एकेक दिवा बघायचा प्रयत्न करत होतो. फार अवघड आहे ते. दोन बघितले की तिसरा बघेपर्यंत पहिले दोन कुठले ते हरवतं. पण बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. सगळे दिवे हलत होते, हळू का होईना, उताराला लागून खाली सरकत होते. मागच्या सोंडेच्या साधारण मध्यावर, वाटेपासून जरासा बाजूला, एक दिवा सरकत नव्हता.

दादा धापा टाकत वर आला आणि शेजारी टेकला. "कसला विचार चाललाय?"

"तो बघ. डावीकडे, खाली. मघापासून जागचा हललेला नाही."

त्याने चष्मा पुसला, बघितलं. पाणी प्यायला. आम्ही दोघंही बघत राहिलो. पुढचे लोक हाका मारत होते, दशम्या सोडल्या होत्या वाटतं. तो दिवा एकदा विझला, पुन्हा लागला, पण तिथेच. त्याच्या शेजारून माळ आपली सरकत होती.

"चल, बघून येऊ," दादा म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. मी पुढच्यांना ओरडून सांगितलं आणि त्याच्या मागोमाग उतरायला लागलो. वाट घसरडी होती, मुरूम पायाखालून निसटत होता. तो पुढे, मी मागे. त्याच्या पाठीवर काजवा चमकत असणार. मला दिसत होती ती फक्त त्याची पांढरी टोपी.